खाट आणि खिडकी

आजाऱ्याच्या भेटीस जाताना आपण फळे नेतो. त्याला खाटेवरून काय दिसते, हे मात्र पाहत नाही. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक यांनी तपासल्या. निम्म्यांना खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. १९८४ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले. तीव्र वेदनाशामकेही त्यांना कमी लागली. रुग्ण थोडेच होते, हे खरे. आणि पाऊण दिवस तो काय, असेही तुम्ही म्हणाल. शस्त्रक्रियेनंतरची रात्र ज्याने तळमळत काढली आहे, त्याला विचारा!

झाड दिसणे ही चैन, की आजाऱ्याचा हक्क? शहरातील सदनिकेत आपण उजेडाची खोली पाहुण्यांसाठी राखतो आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला आतली देतो. तेथे औषध वेळेवर पोहोचते, ऋतू पोहोचत नाही. मीही तेच केले. बाहेर गुलमोहर फुलला होता. पाऊस आला का, हे ती मला विचारीत असे. खाट हलवावयास दहा मिनिटे पुरली असती.