भिक्षापात्र आणि ताट

माणसाची जात विचारण्याच्या अनेक सभ्य रीती आपल्या समाजाने शोधून काढल्या आहेत. आडनाव विचारावे, गाव विचारावे, गावातली गल्ली विचारावी. आणि एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर हसत हसत म्हणावे, 'तुमच्यात चालतं का हो?' काय चालते, हे बोलून दाखवावे लागत नाही. विचारणाराही समजतो, ऐकणाराही समजतो. आमच्या कोल्हापुरात हा प्रश्न खरे म्हणजे कुणी विचारू नये. तांबडा आणि पांढरा रस्सा हे ज्या गावाचे भूषण, श्रावण सरताच ज्या गावात मटणाच्या दुकानापुढे रांगा लागतात, तिथे चालण्या-न चालण्याची चौकशी कसली? पण खोली भाड्याने घ्यायला गेलेल्या तरुणाला ती इथेही ऐकावी लागते. त्याच्या उत्तरावरून घरमालक त्याच्या स्वयंपाकघराचा नव्हे, त्याच्या कुळाचा अंदाज बांधत असतो.

ज्या धर्माच्या संस्थापकाने अडीच हजार वर्षांपूर्वी ही ताटावरून पारख करण्याची रीत नाकारली, त्या धर्माच्या तरुण अनुयायांनाच आज हा प्रश्न आपसात सोडवावा लागत आहे.

माझ्या हाताखालून शिकून गेलेली काही मुले-मुली आमच्या भागातल्या विहारात दर रविवारी जमतात. त्यांचे मंडळ काही मोठे नाही. विहार झाडावा, त्रिशरण-पंचशील म्हणावे, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करावे, लहान मुलांचा अभ्यास घ्यावा, स्वतःच्या नोकरीच्या परीक्षांची पुस्तके एकमेकांत फिरवावीत, एखाद्या सुटीत जोतिबाच्या बाजूला पोहाळ्याची लेणी पाहून यावे, असा त्यांचा क्रम. कुणी भारतीय बौद्ध महासभेच्या श्रामणेर शिबिरात दहा दिवस मुंडन करून, चीवर पांघरून, दुपारनंतर अन्नाला न शिवता राहून आलेला असतो. कुणी भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी भरणाऱ्या शिबिराला जाऊन आलेला असतो. ही शिबिरे त्रिरत्न बौद्ध महासंघाची. संघरक्षित या इंग्रज भिक्षूच्या शिष्यांनी १९७९ साली पुण्यात त्या कामाला सुरुवात केली. तिथे ध्यान शिकवतात, आणि जेवण शाकाहारी असते.

वादाची ठिणगी पडली ती इथेच. वर्षावासाच्या समाप्तीला विहारात सर्वांनी मिळून जेवायचे ठरले. बहुतेकांचे मत मटण-भाकरीचे. भाज्याहून आलेला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, 'पहिलं शील प्राण्याची हत्या न करण्याचं. ते म्हणायचं, आणि त्याच जागी मटण शिजवायचं?' त्याने स्वतः तीन महिन्यांपूर्वीच मांस सोडले होते. सभा क्षणभर गप्प झाली. मागे भिंतीला टेकून त्याची आजी बसली होती. ती म्हणाली, 'व्हय रं बाळा, आमी खाल्लं ते पाप, आनि तू सोडलंस ते पुण्य? माझ्या सासूनं मेलेलं ढोर सोडलं. घरात पोरं भुकेली होती, तरी बाबासाहेबांनी सांगितलं म्हनून सोडलं. तवा तिला कुनी पवित्र म्हनलं न्हाई. आनि आज घामाचं पैसं देऊन आनलेल्या मटनाला तू नाक मुरडतोस?'

या म्हातारीचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचा उपदेश केला, तो पोटभर जेवणाऱ्यांना नव्हे. ज्यांच्या पोटाला तेच एक हक्काचे अन्न होते, त्यांना. ते सोडण्यामागे प्राणिदया नव्हती, स्वाभिमान होता. पुढे १९४८ साली अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्यात त्यांनी असा सिद्धान्त मांडला, की बौद्ध धर्माशी चाललेल्या चढाओढीत ब्राह्मणांनी मांस सोडले, आणि ज्या गरिबांना मेलेल्या गाईचे मांस खाण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्यांच्या कपाळी विटाळाचा शिक्का बसला. हा सिद्धान्त कुणाला पटो वा न पटो. पण ताटातल्या पदार्थावरून माणसाची उंची मोजली गेली, ही गोष्ट नाकारता येत नाही. तेव्हा त्या घरातला नातू उठून 'मी शाकाहारी' असे म्हणतो, तेव्हा आजीच्या कानांना जुन्या मोजपट्टीचाच आवाज ऐकू येतो.

मग बुद्धाचे म्हणणे काय होते? विनयपिटकात वैशालीच्या सिंह सेनापतीची कथा आहे. हा सिंह आधी निर्ग्रंथांचा, म्हणजे जैन श्रमणांचा उपासक. तो बुद्धाकडे आला, तेव्हा बुद्धाने त्याला एक गोष्ट सांगितली ती ही, की तुझ्या घरी निर्ग्रंथांना आजवर जी भिक्षा मिळत आली, ती बंद करू नकोस. पुढे सिंहाने भिक्षुसंघाला जेवायला बोलावले आणि बाजारात तयार असलेले मांस आणवले. निर्ग्रंथांनी शहरभर बोभाटा केला, की श्रमण गौतमासाठी सिंहाने जनावर मारले. त्या प्रसंगी भिक्षूंसाठी नियम ठरला: आपल्यासाठी प्राणी मारला असे जे पाहिले नाही, ऐकले नाही, आणि तशी शंकाही नाही, तेवढे मांस चालेल. देवदत्ताने पुढे पाच कडक नियमांची मागणी केली. भिक्षूने जन्मभर मासे-मांस वर्ज्य करावे, ही त्यांपैकी एक. बुद्धाने ती मान्य केली नाही. ज्याला अरण्यात राहायचे त्याने राहावे, ज्याला गावाजवळ राहायचे त्याने तिथे राहावे, अशीच त्याची वृत्ती. कडकपणा हा ऐच्छिक असावा. त्याची सक्ती झाली, की त्यातून शील वाढत नाही, अहंकार वाढतो.

आपल्या मराठीत ही गोष्ट निर्भयपणे सांगितली ती गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी मांसाहारावर प्रकरण लिहिले. बुद्ध आणि त्याच्या काळचे श्रमण मांस खात असत, असे दाखवले. जैन समाजात केवढे वादळ उठले! आणि याच कोसंबींनी १९४७ साली सेवाग्रामच्या आश्रमात, शरीर थकले तेव्हा, जैन परंपरेला प्रिय असलेल्या मार्गाने अन्न सोडून शांतपणे देह ठेवला. इतिहासातले सत्य सांगताना ज्यांना दुखवावे लागले, त्यांच्याच मार्गाचा आदर त्यांनी शेवटी आपल्या देहाने केला. मत एक असावे आणि माणसाबद्दलची माया वेगळीच असावी, याचा याहून सुंदर दाखला मला ठाऊक नाही.

पण इथे थांबलो, तर मांसाहाऱ्यांच्या हाती सोयीचे हत्यार दिल्यासारखे होईल. 'पाहिले नाही, ऐकले नाही, शंका नाही' हा नियम भिक्षूचा आहे. भिक्षू पात्र पुढे करतो. त्यात काय पडावे हे तो सांगत नाही. आपण तर दुकानापुढे उभे राहून 'अर्धा किलो द्या, हाडं कमी घाला' असे बजावतो! आपल्या पिशवीसाठी उद्याचा बकरा मारला जाणार, ही गोष्ट शंकेच्या पलीकडची आहे. आणखी एक अडचण बुद्धवचनातच आहे. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत, त्यांत शस्त्र, मद्य, विष यांच्याबरोबर प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापारही आहे. म्हणजे खाणारा निर्दोष, आणि खाटीक तेवढा दोषी? ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. पायांत कोल्हापुरी चप्पल करकरत मिरवणारा शुद्ध, आणि तिचे कातडे कमावणारा अशुद्ध, असे आपण शतकानुशतके मानत आलो. तेव्हा ज्याला मांस खायचे आहे, त्याने निदान ते मारणाऱ्या हाताला आपल्याहून हलके मानू नये. महायानातल्या लंकावतार सूत्राने मांस स्पष्ट निषिद्ध केले, चीनच्या भिक्षूंनी ते सोडले. श्रीलंकेत आणि तिबेटात ते चालत राहिले. सगळेच बौद्ध. उत्तरे निरनिराळी आली, कारण प्रश्न खरा अवघड आहे.

बाबासाहेबांनी या कोड्यात हात घातला तो 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात. गरजेपोटी केलेली हत्या आणि मारण्याच्या इच्छेने केलेली हत्या यांत बुद्धाने भेद केला, असे ते म्हणतात. अहिंसा हा नियम नव्हे, तत्त्व आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. मांस सोडण्याची मात्र नाही. मला वाटते, हे विसरून राहिलेले नाही. दया करण्याचे ओझे त्यांनी प्रत्येकाच्या खांद्यावर ठेवले. ती कुठपर्यंत न्यायची, हे ठरवण्याचे स्वातंत्र्यही त्यालाच दिले. आणि स्वातंत्र्य मिळाले म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. तो रोज जेवताना नव्याने विचारायचा असतो.

सम्राट अशोकाने तो असाच विचारला असावा. त्याच्या पहिल्या शिलालेखात तो सांगतो, की पूर्वी माझ्या पाकशाळेत रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच, हरीणही नेहमी नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. केवढा प्रामाणिक हिशेब! पुढे त्याने प्रजेवरही काही प्राण्यांच्या बाबतीत बंदी घातली हे खरे. पण सुरुवात झाली ती राजाच्या चुलीपासून. आपण अजून पुरते सुटलो नाही, हे त्याने दगडावर कोरून ठेवायला कमी केले नाही. आज आपल्याकडे उलट दिसते. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही हत्येवर कायद्याने बंदी आली. पण गरिबाचे स्वस्त अन्न गेले, म्हातारा बैल शेतकऱ्याच्या दारात उभा राहिला, त्याची वैरण कुणी भरायची, याचा विचार दयेची भाषा बोलणारे किती जण करतात?

विहारातल्या त्या सभेत तास-दीड तास हे सगळे बोलून झाले. शेवटी ठरले ते असे: पौर्णिमेला अनेक बायाबापड्या अष्टशील पाळतात, तेव्हा त्या दिवशी आमटी-भात आणि वांग्याची भाजी करावी, इतर वेळी ज्याच्या-त्याच्या घरी ज्याचे-त्याने ठरवावे. आणि एका मुलीने एक कलम जोडले. फळ्यावर जेवणाची सूचना लिहिताना 'पवित्र', 'शुद्ध', 'सात्त्विक' यांपैकी एकही शब्द कुणी वापरायचा नाही. आजीने मान हलवली. नातवाने मांस पुन्हा सुरू केले नाही. पण घरी आजीने रस्सा केला, तर तो तिच्याच पंगतीला बसून आपली भाकरी आमटीत कुस्करून खातो.

दिवाळीच्या या दिवसांत घरोघरी फराळाची ताटे जातील-येतील. कुणाच्या घरचे ताट घ्यायचे आणि कुणाच्या घरचे टाळायचे, हा जुना हिशेब अजूनही काही मनांत चालू असेल. मुक्या जनावरावर दया करण्याचा सुकाळ आपल्याकडे पुष्कळ झाला. शेजारच्या माणसाच्या ताटाकडे पाहून त्याची किंमत न ठरवणे, ही दया त्याहून कठीण. आणि मला वाटते, बुद्धाच्या शिकवणीत तिची जागा आधी आहे. ती एकदा अंगी बाणली, की बकऱ्याबद्दल काय करायचे, याचा विचार माणूस अधिक निर्मळ मनाने करू शकेल.