दामाजीपंतांचा लेखापरीक्षक

अंधेरीच्या पूर्वेस, जेथे मरोळ आणि चकाला ही एके काळी भातशेतीची गावे होती आणि आज औद्योगिक वसाहतीचे गाळे एकमेकांना खेटून उभे आहेत, तेथे एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझी दोन खोल्यांची कचेरी आहे. आणि तीत बसून लोकांचे जमाखर्च तपासण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविल्यावर ज्या एका प्रश्नाने मला आयकराच्या साऱ्या कलमांपेक्षा अधिक छळले, तो प्रश्न असा की, दारात आलेल्या कोणत्या अशिलाला ‘बसा’ म्हणावे आणि कोणाला हात जोडून परत पाठवावे. फी वेळेवर मिळेल काय, कागदपत्रे मुदतीत येतील काय, एवढाच विचार केला तर हा निव्वळ व्यवहाराचा प्रश्न आहे, आणि बहुतेकांचा तो तेथेच सुटतो. माझा सुटला नाही.

वकिलाचे पाहावे. तो ज्या न्यायालयात वकिली करतो तेथे, त्याच्या दर्जास साजेशी फी मिळत असता, काही विशेष कारण नसेल तर आलेले वकीलपत्र स्वीकारण्यास त्याच्या व्यवसायाचे नियमच त्याला बांधून घेतात; आणि रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या माणसाचे चारित्र्य विचारून मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरला आपण माणूस म्हणणार नाही. मग पतितालाही दार उघडे ठेवणाऱ्या पंढरीच्या परंपरेत वाढलेल्या आम्हा हिशेबतपासनिसांनीच अशिलांची पारख करीत बसावे, हा अहंकार नव्हे काय? बराच काळ मला तो अहंकारच वाटे. पण वकील कोणाच्या बाजूने बोलतो हे न्यायाधीशास ठाऊक असते, आणि त्याचे बोलणे त्या बेताने तोलले जाते. माझी सही मात्र मला कधीही न पाहिलेला बँकेचा अधिकारी, दूरच्या गावचा भागधारक आणि उधारीवर माल देणारा व्यापारी हे साक्ष म्हणून वाचतात. फी एकाची आणि साक्ष दुसऱ्यांसाठी, असा हा चमत्कारिक धंदा आहे.

देवगडावर जनार्दनस्वामींच्या दफ्तरात एका पैची चूक शोधण्यासाठी संत एकनाथ रात्रभर जागले आणि ती सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, ही आख्यायिका लहानपणी आपण सर्वांनीच ऐकलेली असते. पैच्या शोधात जर एवढा आनंद, तर हेच चित्त परमेश्वराकडे लावल्यास काय होईल, हा गुरूंचा बोध कीर्तनकार रंगवून सांगतात. मला मात्र हल्ली त्या कथेतील एक साधी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते : नाथांना ती पै सापडली, कारण ती कोणी लपविलेली नव्हती. एखाद्या कारकुनाच्या हातून ती निसटली असेल, पण साऱ्या किल्ल्यात नाथांशी खोटे बोलणारा कोणी नव्हता. याच्या उलट, ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की, वहीत दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकशिल्लकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. आणि त्या ताळेबंदांवर वर्षानुवर्षे लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. तेथे तपासनिसांचाही दोष होताच, तो मी झाकीत नाही. परंतु अशिलाने खोटे बोलण्याचेच ठरविले असेल, तर नाथांची जाग्रणेही पुरी पडतील असे मला वाटत नाही.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, ज्याच्या वह्या निर्मळ त्यालाच जवळ करावे. हे सोवळे मला मान्य नाही. वह्या निर्मळच असतील तर आमची गरज ती काय? माझ्याकडे मरोळचे एक लेथवाले गृहस्थ प्रथम आले ते पावसात भिजलेली बिले एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून; कीर्द नाही, खतावणी नाही, मालसाठ्याची मोजदाद तर त्यांनी कधी केलीच नव्हती, आणि हे सारे त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगून टाकले. त्याच महिन्यात दुसरे एक सद्गृहस्थ सुबक बांधणीचे दफ्तर घेऊन आले. त्यात एकही खाडाखोड नव्हती. कर्जासाठी उलाढालीचा दाखला तेवढा आजच हवा होता, आणि फी मी मागेन त्याच्या दुप्पट देण्याची तयारी होती. मी म्हणालो, “आपल्या आधीच्या लेखापरीक्षकांना एक पत्र लिहितो, मग पाहू.” लेखापरीक्षकाची जागा घेण्यापूर्वी पूर्वीच्या लेखापरीक्षकास लेखी कळविले पाहिजे, असा दंडक आमच्या १९४९ च्या कायद्याच्या परिशिष्टातच आहे, दाखल्याला तो लागू नव्हता, पण माणूस जोखण्यास त्याच्यासारखी कसोटी मला दुसरी आढळली नाही. त्या गृहस्थांनी “त्यांना कशाला तसदी?” असे म्हणून घड्याळ पाहिले, आणि ते दफ्तर पुन्हा माझ्या टेबलावर आले नाही.

या संदर्भात मला नेहमी मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. दुष्काळात बादशाही कोठारे त्यांनी रयतेला लुटू दिली, आणि बेदरच्या दरबारी विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष विठ्ठलाने त्या धान्याची रक्कम भरून पावती आणली, अशी श्रद्धेची कथा आहे. दामाजीपंत माझ्याकडे अशील म्हणून आले असते, तर मी काय केले असते? विठ्ठल बेदरला पोहोचण्यापूर्वीच्या दिवसांविषयी मी बोलतो आहे. त्यानंतर कोणीही सही केली असती. मी त्यांना आनंदाने स्वीकारले असते, आणि अहवालात कोठारातील तूट खंडी-मणांसह नोंदली असती. त्या कृत्याचे पुण्य माझ्या लेखणीने पुसले जात नाही, आणि त्या पुण्याने कोठारही भरत नाही. पंतांनी मला तूट लपविण्यास सांगितले नसते, याची मला खात्री आहे : धान्य वाटून खोटी वही लिहिण्याची सोय त्यांनाही होती, पण कथेतील दामाजीपंत शिक्षा भोगण्यास निघतात, वही बदलण्यास बसत नाहीत. अशिलाची निवड म्हणजे त्याच्या पापपुण्याचा निवाडा नव्हे, तो करण्याचा अधिकार आमच्या सनदेत लिहिलेला नाही. ज्याच्याविषयी मला खरे लिहिता येईल, आणि ते लिहिलेले जो सोसेल, तो माझा अशील, मग त्याची वही कितीही फाटकी असो.

पिशवीवाले लेथचालक अद्याप माझ्याकडे आहेत. त्यांची कीर्द आता संगणकावर असते, पण मालसाठ्याची मोजदाद अजूनही त्यांच्याकडून पुरी होत नाही. म्हणून गेल्या सप्टेंबरातही त्यांच्या अहवालात त्याविषयी एक प्रतिकूल शेरा मी लिहिला, तो त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, आणि ताळेबंदावर सही करून चहा मागविला.