वनस्पतींचे देशभेद आणि सृष्टिकर्तृत्वाचा प्रश्न

परमेश्वरावाचून सृष्टीची उत्पत्ती संभवत नाही, ही गोष्ट आस्तिकाला निराळी सिद्ध करून द्यावी लागत नाही. परंतु 'कर्ता' या शब्दाचा नेमका अर्थ काय, कर्त्याने काय केले, कोठे केले आणि किती वेळा केले, असे विचारू लागले की आस्तिकांचेच आपसांत एकमत राहत नाही. अलीकडे शिकलेसवरलेले उपदेशी असे प्रश्न वारंवार विचारतात. 'सृष्टी देवाने रचली असेल, तर अमुक झाड अमुक देशातच का उगवते?' हा त्यांपैकीच एक. प्रश्न लहान मुलाचा वाटतो. पण याच प्रश्नाने युरोप-अमेरिकेतील ख्रिस्ती विद्वानांची तीन-चार शतके परीक्षा पाहिली. ती हकीकत आपण समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्यात गुंतलेली गाठ केवळ त्यांच्या धर्माची नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथाप्रमाणे सृष्टीची रचना सहा दिवसांत झाली, पुढे जलप्रलय झाला आणि नोहाच्या तारवातून वाचलेल्या प्राण्यांनी पृथ्वी पुन्हा भरली. मग दूरच्या बेटांवर रानटी जनावरे कशी पोहोचली, हा प्रश्न पाचव्या शतकातच संत ऑगस्टीनला पडला होता. ती पोहत गेली असतील, माणसांनी नेली असतील, देवदूतांनी नेली असतील किंवा तेथल्या भूमीतूनच उपजली असतील, असे सर्व पर्याय त्याने मांडले. अमेरिका खंड सापडल्यावर प्रश्न अधिक बिकट झाला. होसे दे अकोस्ता या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५९० मध्ये ग्रंथ लिहून विचारले की, जुन्या जगात कोठेही न आढळणारे प्राणी तारवातून उतरून केवळ अमेरिकेतच कसे गेले? वनस्पतींची अडचण तर याहून मोठी. तारवात प्राण्यांच्या जोड्या घेतल्याचे वर्णन आहे. झाडांच्या जातींचे नाही.

वनस्पतिशास्त्राचा व्यवस्थापक लिनियस हा स्वीडनचा, मनाने पूर्ण आस्तिक. १७४३ मध्ये उप्साला येथे दिलेल्या व्याख्यानात त्याने या अडचणीवर एक सुंदर तोड काढली. प्रारंभी सर्व पृथ्वी जलमय होती, विषुववृत्ताजवळ एकच बेट होते आणि त्यावर एक उत्तुंग पर्वत होता, अशी त्याची कल्पना. पायथ्याशी उष्ण हवा, माथ्यावर हिम. तेव्हा प्रत्येक हवामानाची वनस्पती त्या एकाच पर्वताच्या निरनिराळ्या टप्प्यांवर सुखाने राहू शकेल. पुढे पाणी ओसरले, जमीन वाढली आणि बिया चहूकडे गेल्या. आपल्या पुराणांतील मेरूची आठवण व्हावी असेच हे चित्र आहे. त्याला आधारही होता. तूर्नफोर या फ्रेंच प्रवाशाने अरारात पर्वतावर चढताना खाली आर्मेनियाच्या, मग दक्षिण युरोपच्या, नंतर स्वीडनच्या आणि शेवटी अतिशीत प्रदेशाच्या वनस्पती क्रमाने पाहिल्याचे नमूद केले होते. श्रद्धा आणि निरीक्षण यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न प्रामाणिक होता. तो हसण्याजोगा नाही.

तरीही तो टिकला नाही. सर्व बिया एकाच ठिकाणाहून निघाल्या आणि ज्याला जे हवामान मानवले तेथे ती जात स्थिरावली, असे म्हणावे, तर सारख्या हवामानाच्या देशांत सारख्याच वनस्पती आढळावयास हव्यात. प्रत्यक्षात तसे नाही, आणि हे पाहण्यासाठी आपल्याला गावाच्या शिवेपलीकडे जाण्याचेही कारण नाही. आपण 'निवडुंग' हे एकच नाव दोन अगदी परक्या कुळांना देतो. तीनधारी निवडुंग इकडचा; तोडला की त्यातून पांढरा चीक वाहतो. फड्या निवडुंगाला असा चीक नाही. तो अमेरिकेतील कुळाचा. त्या कुळात दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि एका जातीचा अपवाद सोडला तर त्या सर्व मुळात अमेरिका खंडातील आहेत. तिकडच्या वाळवंटांत जे काम हे कूळ करते, तेच आफ्रिकेच्या वाळवंटांत चिकाच्या निवडुंगाचे कूळ करते. दोघांनीही पाणी साठवणारी मांसल खोडे धारण केली, काटे धारण केले. मात्र फुले पाहिली की नाते मुळीच जुळत नाही.

यावर कोणी म्हणेल, ज्याला जो देश योग्य तेथेच देवाने ते झाड ठेवले. तर मग फड्या निवडुंग युरोपीय जहाजांतून इकडे आल्यावर दख्खनच्या माळावर इतका का माजला, की त्याला आवरण्यासाठी त्याच्यावर जगणारे किडे आणावे लागले? आपली भूमी त्याला योग्य होतीच. फक्त तो येथे नव्हता. मिरचीचेही तसेच. आज तिच्यावाचून आपले जेवण होत नाही. परंतु श्रीचक्रधरस्वामींच्या काळी या देशात मिरची नव्हती, तिखटपणा मिऱ्याचा होता. मिरची पोर्तुगीजांच्या मागोमाग सोळाव्या शतकात आली. 'योग्यतेनुसार वाटणी' हा सिद्धांत अशा रीतीने आपल्या परसातच बाधित होतो. ज्या देशात जी वनस्पती आहे, ती तेथे योग्य आहे एवढ्यानेच नव्हे, तर तेथे पोहोचू शकली म्हणून आहे.

येथून दोन मार्ग फुटतात. पहिला असा, की देवाने एकदा नव्हे, अनेकदा, अनेक ठिकाणी उत्पत्ती केली. दूरदूरच्या पर्वतशिखरांवर एकच जात आढळते म्हणून ग्मेलिनने १७४७ मध्येच असे अनुमान केले होते. याची परिणती एकोणिसाव्या शतकात लुई अगासी याच्या मतात झाली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील हा प्रख्यात प्राध्यापक म्हणे की, प्रत्येक जात ही ईश्वराच्या मनातील एक विचार असून ती आज जेथे जितकी पसरलेली दिसते, साधारण तेथेच आणि तशाच संख्येने उत्पन्न केली गेली. वरवर पाहता यात ईश्वराचा गौरव दिसतो. जेथे बोट ठेवावे तेथे देवाचा हात!

दुसरा मार्ग त्याच विद्यापीठातील एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाचा. हाही निष्ठावंत ख्रिस्ती. चार्ल्स राइट याने जपानहून आणलेल्या वनस्पती तपासताना ग्रेच्या ध्यानात आले की, जपानच्या कित्येक झाडांचे जवळचे आप्त अमेरिकेच्या पूर्व भागात आहेत; मधल्या पश्चिम अमेरिकेत किंवा युरोपात मात्र ते नाहीत. 'ट्यूलिप-वृक्षा'च्या जगात दोनच जाती. एक पूर्व अमेरिकेत, दुसरी चीनच्या बाजूस. अगासीच्या मते, देवाने दोन्हीकडे निरनिराळे निर्मिले, प्रश्न संपला. ग्रेला तो संपला असे वाटेना. पूर्वी उत्तर गोलार्धात उबदार हवामान असताना एकच अरण्य सर्वत्र पसरलेले होते. पुढे थंडी वाढली, ते दक्षिणेकडे सरकले, काही देशांत नष्ट झाले आणि दोन टोकांना उरले, असे अनुमान त्याने १८५९ मध्ये मांडले आणि त्याच वर्षी बोस्टनच्या विद्वत्सभेत अगासीशी वाद केला. आज युरोपातील खडकांत त्याच ट्यूलिप-वृक्षाच्या कुळाचे अवशेष मिळालेले आहेत. ग्रेच्या अनुमानातील कालगणना पुढे पुष्कळ बदलली. परंतु 'हे तुटलेले एकच अरण्य आहे' हा मुद्दा टिकला.

या वादात केवळ झाडांचा प्रश्न नव्हता, हे आपल्या वाचकांनी विशेषेकरून ध्यानात घ्यावे. 'प्रत्येक प्रदेशाची सृष्टी निराळी' हे सूत्र अगासीने माणसांनाही लावले. निरनिराळ्या वंशांची माणसे निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे उत्पन्न झाली, असे त्याने १८५० च्या सुमारास प्रतिपादिले, आणि १८५४ मध्ये निघालेल्या एका ग्रंथात त्याचा निबंध समाविष्ट झाला. त्या ग्रंथाचा उपयोग गुलामगिरीच्या समर्थकांनी यथेच्छ केला. ग्रे मात्र मानवजात एक मानणारा आणि गुलामगिरीचा विरोधक. जपानचे झाड व अमेरिकेचे झाड यांचे मूळ एक की दोन, या प्रश्नाच्या उत्तरावर माणसामाणसांतील नाते अवलंबून राहिले. मुखातून एक वर्ण निघाला आणि पायांतून दुसरा, असे सांगून जन्मभेद देवाच्या माथी मारण्याची रीत ज्या देशात होती, तेथे हे निराळे समजावून सांगावयास नको. आपल्या पंथाने तो भेद मानला नाही. तेव्हा ईश्वराचा हात जागोजागी दाखविणारे मत दिसण्यात अधिक भाविक असले, तरी त्याचे फलित काय, हे पाहिल्यावाचून त्याचा स्वीकार करू नये.

आता बेटांचा विचार करू. समुद्रातून ज्वालामुखीने वर आलेली, कोणत्याही खंडाला कधी न जोडलेली बेटे ही या प्रश्नाची जणू परीक्षाशाळाच. हवाई बेटांवरील मूळच्या सपुष्प वनस्पतींपैकी सुमारे नऊदशांश जगात इतरत्र कोठेही आढळत नाहीत. तेथे 'सिल्व्हरसोर्ड' म्हणून सूर्यफुलाच्या कुळातील सुमारे तीस जातींचा एक समूह आहे. कोणी झुडूप, कोणी वेल, कोणी वृक्ष, कोणी उंच डोंगरावरील चंदेरी पानांचा गुच्छ. रूपे इतकी भिन्न असूनही त्यांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासल्यावर त्यांचे नाते कॅलिफोर्नियातील साध्या रानफुलांशी जुळले. हजारो कोसांच्या समुद्रापलीकडून कधी काळी थोड्या बिया आल्या आणि त्यांचा हा विस्तार झाला. बी समुद्र ओलांडू शकते काय, ही शंका डार्विनने वाद न घालता मिठाच्या पाण्यात बिया बुडवून तपासली. ८७ प्रकारांपैकी ६४ प्रकारांच्या बिया २८ दिवसांनंतरही उगवल्या. तळ्याकाठच्या तीन चमचे चिखलातून त्याने ५३७ रोपे मोजली. पाणपक्ष्यांच्या पायांना असाच चिखल लागतो. हे काम कोणाही आस्तिकाला करता आले असते.

याउलट, काही आस्तिकांनी कोणता मार्ग धरला? फिलिप गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये ग्रंथ लिहून सांगितले की, पहिले झाड उत्पन्न झाले तेव्हाच त्याच्या खोडात वर्षांची वलये होती. न घडलेल्या भूतकाळाच्या खुणा देवानेच घालून ठेवल्या. या मताचे खंडन करता येत नाही, हेच त्याचे मोठे वैगुण्य. कारण मग देव हा खोटा दस्तऐवज तयार करणारा ठरतो. परमेश्वर कृपाळू आहे म्हणणाऱ्याने त्याच्यावर कपटाचा आरोप कसा करावा? आजही अमेरिकेत सृष्टीचे वय काही सहस्र वर्षांचे मानणारे लोक आहेत. प्रलयाच्या पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडांच्या राशींवरून बिया सर्वत्र गेल्या, असे ते सांगतात. परंतु तशा राशींनी सर्व जाती सर्वत्र मिसळावयास हव्या होत्या. फड्या निवडुंगाचे कूळ अमेरिकेतच का उतरले, याला त्यात उत्तर नाही.

आपल्या विदर्भातही या विषयाचा एक साक्षीदार आहे. चंद्रपूरकडील कोळसा ज्या खडकांत सापडतो, त्यांना गोंडांच्या देशावरून 'गोंडवन' खडक म्हणतात. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या वनस्पतीचे ठसे मिळतात. तेच ठसे दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे आणि आज बर्फाखाली असलेल्या अंटार्क्टिकातही मिळाले. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये प्राणास मुकलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने सुमारे १६ किलो दगड शेवटपर्यंत टाकून दिले नव्हते. त्यांत या पानांचे ठसे होते. पंचवीस कोटी वर्षांहूनही पूर्वी हे सर्व देश एकत्र जोडलेले होते, पुढे जमीनच फुटून दूर गेली, असे आता निश्चित झाले आहे. बी हलले नाही, देश हलला.

आता आपल्या घराकडे वळू. येथे एक मोह होतो. पुराणांतील सप्तद्वीपांना जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश अशी वनस्पतींची नावे आहेत; तेव्हा देशपरत्वे वनस्पतिभेद आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होता, असे काही वक्ते सभेत टाळ्या घेऊन सांगतात. पण जांभूळ, पिंपरी आणि सावर ही तिन्ही झाडे एकाच सातपुड्यात उभी आहेत! दुसऱ्याच्या ग्रंथाला लावलेली कसोटी आपल्या ग्रंथाला लावावयाची नाही, हा न्याय नव्हे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींची संख्याही कोणी वनस्पतिशास्त्राच्या यादीशी जुळवू पाहू नये. शास्त्राचा तो हेतू नाही.

आपल्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आहेत. प्रपंच कारणरूपाने नित्य, कार्यरूपाने अनित्य. तेव्हा शून्यातून एकेक जात घडवून देशोदेशी मांडून ठेवणारा कुंभार आपण मानलेलाच नाही. कार्यप्रपंच बदलतो, मोडतो, पुन्हा घडतो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. तरीही 'म्हणून विज्ञानाने आमचेच सिद्ध केले' असे म्हणावयास मी धजणार नाही. कार्यप्रपंचात अमुक बी अमुक बेटावर कसे गेले, हे शास्त्राने सांगितलेले नाही, आणि जे त्याने सांगितलेले नाही त्याचे श्रेय त्याला देणे हाही असत्याचाच प्रकार.

यावर एक सूक्ष्म पूर्वपक्ष उरतो. वनस्पती कोठेही उगवल्या असत्या तरी 'परमेश्वर कर्ता आहे' हे तुमचे वाक्य तसेच राहिले असते. मग जे कशानेच बाधित होत नाही त्याला ज्ञान का म्हणावे? आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. उत्तर असे की, ते वाक्य निवडुंगाच्या वाटणीचे स्पष्टीकरण म्हणून कोणी वापरील तर ते निश्चितच पोकळ आहे, आणि तसे ते वापरूच नये. जीव बद्ध का आहे, त्याची सुटका कोणाच्या कृपेने होईल, या प्रश्नाच्या संदर्भात त्याला अर्थ आहे. त्याची परीक्षा आचारात आणि अनुभवात आहे, बेटांवर नाही. दोन प्रमाणांचे विषय भिन्न असता एकाने दुसऱ्याची साक्ष काढणे व्यर्थ.

कोणी साधक विचारील, सर्व वनस्पती एकमेकींपासून झाल्या असतील, तर हिरवे गवत तुडवू नये, फांदी मोडू नये, या आपल्या आचाराचे काय? त्याला कोणतीच बाधा येत नाही. तो आचार त्या देहातील जीवाकडे पाहून आहे. देहाची जात कोणत्या द्वीपातून आली याकडे पाहून नाही. गावठाणातला परदेशी गुलमोहर आणि देवळापुढचा वड यांत त्या दृष्टीने भेद नाही.

एसा ग्रेने डार्विनचा पक्ष अमेरिकेत उघडपणे मांडला, आणि तरी तो आपला धर्म पाळीत राहिला. भेद कसे उत्पन्न होतात, त्यांना ईश्वर दिशा देतो की काय, याविषयी त्याचे आणि डार्विनचे शेवटपर्यंत जमले नाही. मैत्री मात्र टिकली. १८८० मध्ये येल येथील धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांपुढे त्याने विज्ञान आणि धर्म यांवर दोन व्याख्याने दिली. भावी धर्मोपदेशकांपुढे त्याने झाडांविषयीचे सत्य कोठेही मऊ केले नाही.