हॉटेलातील दस्तरखान आणि आपली मुले



रविवारी रात्री कोंढव्यात कौसरबागेच्या परिसरात किंवा कॅम्पातील एखाद्या हॉटेलात आपण गेलात, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. चार वर्षांचे मूल भुकेने आणि कंटाळ्याने रडवेले झालेले असते. ऑर्डर यायला अवकाश असतो. शेजारच्या टेबलावरील माणसे वळून पाहतात आणि वडिलांचा आवाज हळू, पण कठोर होतो. कधी टेबलाखाली चिमटा बसतो. कधी मुलाच्या हातात मोबाइल दिला जातो आणि मग आपण काय खाल्ले याचाही त्याला पत्ता राहत नाही. मोठ्या हौसेने निघालेले कुटुंब रिक्षात अबोल बसून घरी परतते.

यात दीनचा प्रश्न कोठे आला, असे कोणी विचारील. त्याने ह. उमर बिन अबी सलमा (रजि.) यांची हदीस आठवावी. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आलेली आहे. ह. उम्मे सलमा (रजि.) यांचे हे पुत्र. वडील उहुदच्या युद्धातील जखमेमुळे निवर्तले होते आणि मूल प्रेषितांच्या (स.) घरात वाढत होते. जेवताना त्याचा हात ताटभर फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्याला मुला, अशी हाक मारून तीन गोष्टी सांगितल्या: अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा, आपल्या समोरचे खा. पुढे आयुष्यभर आपण तसेच जेवत आलो, अशी ग्वाही त्यांनी स्वतः दिली आहे.

ही हदीस आपण मकतबमध्ये मुलांकडून पाठ करून घेतो. माझ्या मते ती मुलांपेक्षा मोठ्यांनी अधिक वाचावी. मूल त्याच ताटात जेवत होते, त्याला वेगळे बसवले नव्हते. चूक दिसली तेव्हाच आणि तेवढ्याच शब्दांत सांगितली गेली. ‘किती वेळा सांगितले तुला’ हे वाक्य तेथे नाही. चारचौघांत झालेला अपमान नाही.

आपला राग बहुधा मुलाच्या वर्तनापेक्षा लोकांच्या नजरेमुळे चढतो. डेक्कनवरील ‘गुडलक’सारख्या, 1935 पासून सर्व समाजांचे पुणेकर जेथे बन-मस्का खायला येतात अशा हॉटेलात दाढी-टोपी आणि बुरख्यासह बसलेल्या कुटुंबाला ही नजर जरा जास्तच जाणवते, हे मी नाकारत नाही. पण साऱ्या उम्मतच्या प्रतिष्ठेचे ओझे चार वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ठेवणे हा जुलूम आहे. अब्बू घरी एक आणि लोकांसमोर दुसरेच असतात, एवढेच ते त्यातून शिकते.

याचा अर्थ मुलाला मोकाट सोडावे असा मुळीच नाही. सूरह अन्-निसाच्या 36 व्या आयतीत शेजाऱ्यांसोबत ‘साहिबि बिल-जम्ब’, म्हणजे बाजूला असणाऱ्या सोबत्याचाही हक्क सांगितला आहे आणि भाष्यकारांनी त्यात घटकाभर शेजारी बसलेल्या माणसाचाही समावेश केला आहे. पलीकडच्या टेबलावरील वृद्ध जोडप्याचा हा हक्क आहे. गरम चहाचे ग्लास घेऊन येणाऱ्या वेटरच्या पायांत मूल धावत असेल, तर वडिलांनी आपला घास ठेवून उठावे, त्याला बाहेर नेऊन चार पावले फिरवून आणावे.

निम्मी अडचण तर वेळेची असते. जेवण समोर आले आणि इकामत झाली, तर आधी जेवून घ्यावे, असे हदीसमध्ये आहे. शरीअतने प्रौढाच्या भुकेचीही एवढी दखल घेतली, मग रात्री साडेनऊला उपाशी मुलाला रांगेत उभे करून त्याच्याकडून सब्र मागणारे आपण कोण? मगरिबनंतर लगेच निघावे. निघताना त्याला दोन खजुरा किंवा एक केळे द्यावे. त्याची साधी रोटी, बिनतिखटाचे कबाब आधी मागवावे. रमजानमध्ये तरावीहनंतर मोमिनपुऱ्यात उसळणारी गर्दी तान्ह्या लेकरांसाठी नाही.

वाट पाहण्याचा वेळ मात्र मौल्यवान असतो. ह. अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाकडे, अबू उमैरकडे, एक लहानसा पक्षी होता. प्रेषित (स.) त्या मुलाला भेटले की पक्ष्याचे काय झाले, असे आवर्जून विचारत. ज्यांच्यावर वह्य अवतरत होती, त्यांना लहान मुलाच्या पाखराची चौकशी करायला सवड होती. आपणही मोबाइल खिशात ठेवून मुलाला त्याच्या मांजरीविषयी, शाळेतील मित्राविषयी विचारावे.

‘गप्प बसलास तर आइस्क्रीम’ असे म्हटले असेल, तर आइस्क्रीम द्यावेच लागेल. एका आईने मुलाला ‘ये, तुला काही देते’ म्हणून बोलावले, तेव्हा प्रेषितांनी (स.) काय देणार, असे विचारले. ती खजूर देणार होती. काही दिले नसते तर ते असत्य म्हणून नोंदले गेले असते, असे त्यांनी तिला बजावले. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे.

मुलाला एखादा पदार्थ आवडला नाही तर बळजबरी करू नये. प्रेषितांनी (स.) अन्नाला कधी नावे ठेवली नाहीत, रुचले तर घेत, न रुचले तर सोडून देत. म्हणूनच आधी थोडेच मागवावे आणि उरलेले बांधून घ्यावे.

आणि टेबलाखाली सांडलेला भात? तो पुसायला येणारा पोऱ्याही कोणाचे तरी लेकरूच असते. ज्याने आपल्यासाठी अन्न शिजवून आणले त्याला सोबत बसवावे, निदान घासभर तरी द्यावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. उठण्यापूर्वी मुलाला सोबत घेऊन मोठी शिते उचलावीत, त्या पोऱ्याचे आभार आधी आपण मानावेत, आणि इशाची जमात गाठायची असेल तर बिल थोडे लवकर मागवावे.