गिळलेल्या स्वराचा हिशेब

फ्रेंच कविता कशी मोजतात हे समजून घ्यायला मराठी माणसाने पॅरिसपेक्षा तेरला जावे, असे माझे मत आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या, तेरणाकाठच्या या गावात गोरोबाकाकांची समाधी आहे. चैत्र वद्यात यात्रा भरते. मोठ्या अभंगाचा साचा तिथल्या टाळकऱ्याला शिकवावा लागत नाही. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. ऱ्हस्व-दीर्घाचा इथे प्रश्नच नाही. अशा छंदात प्रत्येक अक्षर दोन मात्रांचे होते, हे माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त मांडून ठेवले आहे.

आता गावाचेच नाव घ्या. बोलताना ‘तेर’मधला शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. अभंगात मात्र ही दोन अक्षरे. गाणारा ‘र’ लांबवून माप पुरे करतो. फ्रेंच शब्दांच्या शेवटी असणाऱ्या मुक्या ‘ए’चीही हीच गत. बोलण्यात तो बहुधा ऐकूच येत नाही, पण पद्यात पुढे व्यंजन आले की त्याचे अक्षर धरायचे. पुढे स्वर आला तर तो त्यात विरतो, आणि ओळीच्या शेवटी मोजणीतून सुटतो. ही शेवटची सवलत आपल्या चरणाला नाही. शाळेत लघुगुरूंच्या खुणा करून तयार झालेला आपला विद्यार्थी फ्रेंच ओळीतही ‘यमाताराजभानसलगा’ शोधतो आणि फसतो. त्याने गण विसरावेत, अभंग आठवावा.

बोदलेरची ‘आर्मोनी द्यु स्वार’ पाहा. 1857च्या ‘ले फ्लर द्यु माल’मधली ही संध्याकाळची कविता. ओळ बारा अक्षरांची, सहाव्यावर यती. चार कडवी, सोळा ओळी आणि यमके फक्त दोन. घाट मलाय पांतुनचा, म्हणजे फ्रेंचांच्या ‘पांतुम’चा. त्याचा एक नमुना ह्यूगोने 1829च्या ‘ले झोरिएंताल’च्या टिपांत दिला होता. कडव्यातली दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्यात पहिली आणि तिसरी होते. म्हणजे सोळा ओळींत वेगळ्या दहाच.

आपले ध्रुपद जागचे हलत नाही, कडवी त्याच्याकडे परततात. तुळजापूरच्या गोंधळात संबळ-तुणतुण्यावर देवदेवतांना आवतण जाते, तिथेही नावे बदलतात, बोलावणे तेच राहते. बोदलेरची ओळ मात्र बिऱ्हाड बदलते, आणि तिचा शेजार बदलला की तिचा अर्थही. व्हायोलिनची ओळ आधी फुलांच्या दरवळाला लागून येते. पुढच्या कडव्यात तीच ओळ शून्याचा तिटकारा असलेल्या कोवळ्या हृदयाच्या शेजारी जाऊन बसते. पहिल्यांदा तिचे थरथरणे नुसते सुरेल वाटले होते, आता ते भयाचे वाटते. शब्द एकही बदललेला नाही. पुनरुक्तीला ‘घोटवणे’ समजणाऱ्या समीक्षकांनी हे एवढे तरी तपासावे.

यमकातही कावा आहे. ‘वार’ या नादावर धूपपात्र येते, मग वेदी येते. पूजेचे साहित्य जमत जाते आणि देव कुठेच नाही. पांतुमच्या रूढ रीतीने शेवटी पहिली ओळ परत यायला हवी होती. बोदलेरने तिथे अगदी नवी ओळ घातली. चर्चमध्ये पवित्र भाकर भक्तांना दाखवायचे सोनेरी पात्र त्याच यमकावर तिच्यात येते, आणि त्यासारखी लखलखते ती प्रेयसीची आठवण.