खाण लांबून पाहताना

गडचांदूरमध्ये खाण म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चुनखडीच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि कपाशीच्या पानांवर बसणारी धूळ हे इथलं रोजचंच. याच पट्ट्यातल्या सास्ती या कोळसा खाणींच्या गावात १९८६ मध्ये चित्रकार-शिल्पकार प्रभाकर पाचपुते यांचा जन्म झाला. घरच्यांनी पिढ्यानपिढ्या खाणीत काम केलं. प्रभाकर खैरागड आणि बडोद्याला शिल्पकला शिकले आणि खाणच त्यांचा विषय झाली.

२०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांनी ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे प्रदर्शन मांडलं. विषारी वायूची चाहूल वेळेवर लागावी म्हणून खाणकामगार पूर्वी कॅनरी पक्षी सोबत नेत. नाव तिथून आलं. पाचपुते कोळशानं थेट भिंतीवर चित्रं काढतात, त्यांना शिल्पांची आणि चलतचित्रांची जोड देतात. त्यांच्या माणसांच्या धडावर कधी डोक्याच्या जागी यंत्र किंवा अवजार असतं. अशा मांडणीत पाहणारा चित्रासमोर उभा न राहता त्याच्या पोटात शिरतो.

शहरातल्या माणसाच्या घरी वीज येते, सिमेंट येतं. ते खणून काढणारी माणसं येत नाहीत. पाचपुते यांची मांडणी त्या माणसांना त्याच्या शेजारी आणून उभं करते.

सास्ती-गडचांदूरचा माणूस मात्र जन्मापासून त्या पोटातच आहे. त्याला हवं आहे अंतर. मातीचे ढिगारे, ट्रकांच्या रांगा यांतून रोज जाताना त्यांच्याकडे पाहायला उसंत नसते. तेच सारं कुणीतरी जीव ओतून घडवलेलं एका खोलीत भेटलं, की थांबता येतं, विचारता येतं: ही जमीन कुणासाठी खणली जाते? खणून झाल्यावर इथं काय उरतं? एकच कलाकृती बाहेरच्याला आत ओढते आणि आतल्याला बाहेरून पाहायची मुभा देते. तिचं मोल मला इथं दिसतं.

२०२१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफचा आर्टेस मुंडी कला पुरस्कार पाचपुते यांच्यासह सहा कलावंतांना विभागून मिळाला. वेल्सही कोळशावर जगलेला मुलूख. खाणी बंद पडल्यावर गावांचं काय होतं, हे त्यानं भोगलं आहे. चुनखडी काय, कोळसा काय, पुन्हा उगवत नाही. आपल्यापुढेही तो दिवस आहे. म्हणून ही कला महानगरांच्या दालनांपुरती राहू नये. राजुरा-गडचांदूरच्या शाळांच्या सभागृहांत ती यावी, ड्यूटी संपवून आलेल्या कामगारानं मुलांना घेऊन ती पाहावी. खाणींनंतरच्या गावाची चर्चा खाणी सुरू असतानाच व्हायला हवी, आणि त्या चर्चेला आकड्यांइतकीच नजरही लागते.