शिक्षेच्या मुद्द्यावर

लातूर

चि. ताईस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, नऊ जणांची ज्युरी असती तर दोषी की निर्दोष ते त्यांनी सांगितलं असतं आणि मी निवांत झोपले असते." पहिल्यांदा कुणाला दोषी धरून आत पाठवलं की झोप उडणारच. जिची उडत नाही, अशा न्यायाधीशासमोर वकीलपत्र दाखल करायची मला हौस नाही. पण ज्युरीबद्दलची तुझी समजूत जरा गोड आहे.

१८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला तेव्हा ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. मतं पडली सहा विरुद्ध तीन. १९०८ साली सात युरोपियन आणि दोन पारशी होते, मतं सात विरुद्ध दोन. साक्षीपुरावा बाजूला ठेवून नुसती नावांची यादी वाचली असती तरी निकाल सांगता आला असता. नानावटी खून खटल्यात उलटं झालं. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने बाहेर वातावरण तापवलं आणि ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीश मेहतांना ते पटेना, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे १९६० मध्ये जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. या खटल्यामुळे देशातून ज्युरी गेली असं बाररूममध्ये कुणीतरी तुला ठासून सांगेलच. त्याला म्हणावं, सेटलवाडांच्या विधी आयोगाने ज्युरी बंद करायची शिफारस १९५८ मध्येच केली होती आणि नानावटींच्या गोळ्या सुटल्या १९५९ च्या एप्रिलमध्ये.

त्या आठ जणांनी असं का ठरवलं, हे आजही कुणाला माहीत नाही. ज्युरीला कारणं लिहावी लागत नसत, तुला लागतात. तुझी झोप उडवते ती हीच गोष्ट, आणि हरलेल्या माणसाला अपिलात हात घालायला जागा मिळते तीही हिच्यामुळेच. म्हणून निकालपत्र हरणाऱ्यासाठी लिही. जिंकणारा शेवटचं पान वाचतो. आणि होता होईल तो मराठीत लिही. मुखेड-कंधारच्या माणसाला आपण का हरलो हे समजून घ्यायला वकिलाची फी पडू नये.

खरं तर पत्र लिहायला बसलो ते शिक्षेच्या मुद्द्यासाठी. २२ जुलै १९०८ च्या रात्री ज्युरीने टिळकांना दोषी म्हटलं, तेव्हा न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? (हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते.) टिळकांनी जे उत्तर दिलं ते आज मुंबई हायकोर्टात संगमरवरावर कोरलेलं आहे. शिक्षा व्हायची ती झालीच, सहा वर्षं काळं पाणी. पण तो प्रश्न विचारला गेला होता.

तोच प्रश्न तू आठवड्यातून एकदा तरी विचारणार. आपल्याकडे तो कसा विचारला जातो ते मी फौजदारी वकिलीत रोज पाहतो. आरोपी पिंजऱ्यात उभा असतो. "शिक्षेबाबत काही म्हणणं आहे का?" त्याला प्रश्नच कळलेला नसतो. दोषी ठरलो एवढंच डोक्यात घुमत असतं. तो हात जोडतो आणि वकिलाकडे बघतो. वकील उठून सांगतो की आरोपी गरीब आहे, घरात कमावता तो एकटाच आहे, दया व्हावी. सरकारी वकील म्हणतात, समाजात चुकीचा संदेश जाऊ नये, जास्तीत जास्त शिक्षा द्यावी. स्टेनोकडे दोन्ही वाक्यं तयारच असतात, फक्त नाव बदलायचं. पट्टेवाल्याने पुढच्या प्रकरणाचा पुकारा करेपर्यंत शिक्षा लिहूनही झालेली असते.

असं करू नकोस. सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्येच संता सिंग प्रकरणात सांगितलंय की शिक्षेवरची सुनावणी म्हणजे तोंडी चार वाक्यं नव्हेत, माहिती आणि पुरावा द्यायला संधी हवी. दोषी ठरवल्यावर उठून चेंबरमध्ये जा, शिक्षा दुपारनंतर घे, गरज वाटली तर दुसऱ्या दिवशी. आणि प्रश्न स्वतः विचार. वय किती? काय करतो? ऊसतोडीला जातो का, मुकादमाची उचल घेतली आहे का? आधी किती दिवस आत होता? ते दिवस आकड्यात लिही आणि शिक्षेतून वजा कर, तुरुंगातल्या कारकुनावर सोडू नकोस. आरोपी एकवीसच्या आतला असेल तर १९५८ चा परिवीक्षा कायदा आधी उघड. त्या वयाच्या पोराला आत पाठवायचं असेल तर कारणं लिहावी लागतात आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. अहवालाला वेळ लागतो म्हणून पोरगं आत, हे कारण होऊ शकत नाही.

तुझ्यापुढे खुनाचे खटले नाहीत, ठाऊक आहे. तरी एक प्रकरण लक्षात ठेव. २००३ मध्ये नाशिकजवळ घडलेल्या खून-बलात्काराच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना आरोपी केलं गेलं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली आणि २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई देऊन. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. देशातलं सगळ्यात वरचं कोर्ट चुकू शकतं, मग तालुक्याच्या कोर्टाने ठामपणाचा रुबाब कशाला करायचा? आणि शिक्षेच्या वेळी माणसाकडे नीट बघायची सवय लहान प्रकरणातच लागते.

दंडाचं बोलू. तुझ्याकडे येणार बांधावरून झालेली मारामारी, मटका, दारू, चेक बाउन्स. बांधाच्या भांडणात फिर्यादी आणि आरोपी बहुधा चुलत भाऊच, विहीरही सामायिक. तिथे सहा महिने शिक्षा आणि पाच हजार दंड लिहिलास की दंड सरकारजमा होतो, फिर्यादीला दवाखान्याच्या बिलाचे पैसेही मिळत नाहीत आणि सुटून आलेला भाऊ त्याच विहिरीवर उभा राहतो. दंडातून भरपाई देता येते, दंड नसला तरी वेगळी भरपाई लावता येते. फिर्यादीचा खर्च विचार आणि ती लाव. दंड न भरल्यास भोगायची कैद लिहिताना हात आखडता घे. ती मूळ गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापलीकडे जात नाही, आणि खरा गरीब माणूस ती भोगतोच. नव्या संहितेत किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा आली आहे. ती दिलीस तर उपयोगाचं काम दे. गावाच्या चौकात झाडू देऊन मोबाइलमध्ये फोटो काढायची सोय करू नकोस.

गावात निकालाच्या आधीच निकाल लागलेला असतो, तुझ्या कोर्टहॉलच्या मागच्या बाकांवर ती मंडळी येऊन बसतातही. त्यांच्याकडे बघून शिक्षा एक महिन्यानेही वाढवू नकोस आणि घटवूही नकोस.

शेवटचं, कामाचं. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झालेला आणि जामिनावर असलेला माणूस अपील करतो म्हणाला, तर त्याला सोडण्याचा आदेश तूच द्यायचा असतो. निकाल चारनंतर ठेवलास तर जामीनदार गावी निघून गेलेला असतो, कारकून टेबल आवरत असतो आणि एखादा माणूस केवळ घड्याळामुळे रात्रभर आत राहतो. तेव्हा दोषसिद्धीचे निकाल सकाळच्या सत्रात लाव, निकालाची नक्कल आरोपीच्या हातात त्याच दिवशी विनामूल्य पडली का ते विचार आणि सही केल्याशिवाय डायसवरून उठू नकोस.

आईला सांग, दिवाळीला उदगीरहून येताना तुमच्याकडे उतरेन. कोर्टाच्या गप्पा घरी काढणार नाही, तूही काढू नकोस.

तुझा,
मामा